ह्यात नवीन काय हाय?

साताऱ्यात गोडोलीला नलवडे सरांच्या गल्लीत कुणी नवी वस्तू घेतली, की ती सरांच्या दारावरून नेत नसत. समोरच्या पवारांनी स्कूटर घेतली तेव्हा पूजा केली, पेढे वाटले आणि गाडी मात्र मागच्या बोळातून आत घेतली. कारण सर फाटकाशी उभे असायचे. चष्मा कपाळावर सरकवून वस्तूभोवती एक फेरी मारायचे आणि अगदी मनापासून विचारायचे, "बरं, ह्यात नवीन काय हाय?" समोरचा माणूस रंग सांगायचा, किंमत सांगायचा. सर मान हलवायचे. "ते झालं. नवीन काय हाय?" त्यांना कुणाला टोचायचं नसे, पण टोचायचं ते टोचायचंच.

त्यांचा तरी काय दोष? आयुष्यभर त्यांनी हाच प्रश्न विचारून पगार घेतला होता. सर पेटंट कार्यालयात परीक्षक म्हणून लागले आणि तिथंच वरच्या पदावरून निवृत्त झाले. कुणी शोध लावल्याचा दावा केला की तो आधी जगात कुठं झालाय का ते शोधायचं, आणि झाला असेल तर तसं लेखी कळवायचं, असं ते काम. निवृत्तीनंतर कागद सुटले, प्रश्न सुटला नाही. "मला बघायला आले तेव्हा हे विचारलं नाही, एवढंच माझं नशीब," असं काकू म्हणायच्या. त्यावर सर शांतपणे सांगायचे, "तवा मी नोकरीला लागलो नव्हतो."

पण एखादी गोष्ट खरोखर नवी निघाली की हाच माणूस लहान मुलासारखा खूश व्हायचा. एकदा एका लग्नाला निघाले होते. रिक्षावाल्यानं सायकलच्या ब्रेकची तार लावून मागचा पावसाळी पडदा बसल्या जागेवरून वर ओढायची सोय केली होती. सरांनी रिक्षा कडेला घ्यायला लावली, पडदा वर-खाली करून बघितला, रिक्षावाल्याला खाली उतरवून पुन्हा बघितला. लग्न लागून गेलं. काकू चिडल्या होत्या आणि सर पंगतीत सगळ्यांना त्या पडद्याबद्दल सांगत होते.

मी त्यांच्याकडे गेले ती भीतीपोटी. मी तासगावची, कराडला इंजिनिअरिंग केलं. पेटंट परीक्षकाच्या परीक्षेचे लेखी टप्पे पार केले होते आणि मुलाखत उरली होती. कॉलेजातल्या एका मॅडमनी सरांचा पत्ता दिला. मी घरचा बेदाणा घेऊन गेले. सरांनी बेदाणा काकूंकडे दिला, दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "एका वाक्यात सांग हे काय हाय. असं सांग की ह्याच्याशिवाय दुसरं काय त्या वाक्यात बसलं न्हाई पायजे."

मी म्हटलं, "कपडे अडकवून ठेवायची वस्तू."

"म्हंजी खुंटी आली. हँगर आला. दाराची कडी बी आली, आमची ही तिथंच अडकवती."

"त्या कडीचं नाव घेऊ नका," आतून काकू म्हणाल्या. "तुमचाच शर्ट असतो तिच्यावर."

त्या दुपारी मी चिमट्याची कितीतरी वाक्यं केली. प्रत्येक वाक्यात सर काहीतरी भलतंच घुसवून दाखवायचे, कधी सांडशी, कधी पक्कड. शेवटी एक वाक्य जमलं तेव्हा त्यांनी चिमटा परत दोरीला लावला आणि म्हणाले, "आता जेव." मुलाखतीत मला चिमट्याबद्दल कुणी विचारलं नाही. पण विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायची हिंमत मी त्या ओसरीवरून घेऊन गेले होते, आणि माझी निवड झाली.

नोकरी मुंबईला होती. पहिले काही महिने मी रडकुंडीला आले. एखादा अर्ज वाचायचा, त्याच्यासारखं आधी काय झालंय ते शोधायचं, आणि मग हरकत लिहायची. मला हरकत लिहिताच येत नसे. कुणीतरी घरातल्या खोलीत वर्षानुवर्षं खपून काही केलेलं असणार, आणि मी काल लागलेली पोरगी त्याला काय म्हणून नाही म्हणणार? माझी वाक्यं मऊ व्हायची, अर्धा अहवाल 'असे वाटते' आणि 'कदाचित' यांनी भरायचा. रविवारी सरांना फोन करायचे. पहिल्याच फोनला त्यांनी बजावलं होतं, "फाइलीतलं एक अक्षर मला सांगायचं न्हाई. मी आता बाहेरचा माणूस हाय. तुझं काय अडलंय तेवढं सांग." मी अडलेलं सांगायचे. ते म्हणायचे, "हरकत वस्तूवर घ्यायची, माणसावर न्हाई. आन न्हाई म्हणायचा पगार मिळतो, उशिरा न्हाई म्हणायचा मिळत न्हाई. तो बिचारा तिकडं वाट बघत बसलेला असतो."

हळूहळू ऑफिसात ते जमायला लागलं. घरी मात्र जमेना.

आमचा द्राक्षबागेचा आणि बेदाण्याचा धंदा. शेडमध्ये एकावर एक जाळ्या ताणून त्यावर द्राक्षं वाळवतात. वाळली की माणसं जाळ्या हलवून बेदाणा खाली पाडतात, त्यात बराच माल फुटतो. माझ्या वडिलांनी, आबांनी, जुन्या फवारणी यंत्राची मोटर आणि एक वाकडी दांडी जोडून जाळ्या हलक्या हातानं हलवणारं यंत्र केलं होतं. ते पुरं झालं आणि त्याच महिन्यात माझी निवड झाली. गावानं सत्कार ठेवला, चौकात माझा फ्लेक्स लागला, मला फेटा बांधला. मी बायकांच्या पंगतीत जेवत होते तेव्हा आबा पाहुण्यांना घेऊन शेडवर गेले आणि यंत्र सुरू करून दाखवलं. आमच्याकडे नवं काही केलं की ते चारचौघांत चालवून दाखवावंच लागतं. झाकून ठेवलं तर लोक म्हणतात, बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा व्हिडिओ तालुकाभर फिरत होता, आणि तो बघून मी फोन पालथा ठेवला.

कारण अर्ज करायच्या आधी गोष्ट जगाला दाखवली, की कायद्याच्या लेखी ती नवी उरत नाही. आबांच्या यंत्राचं पेटंट त्या संध्याकाळी, माझ्याच सत्कारात गेलं होतं. त्यात मी त्या खात्यात लागलेली, त्यामुळं वडिलांचा अर्ज लिहायला हात लावायचीही मला मनाई. आबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते दर फोनला विचारायचे, "सुजा, कवा घालायचा अर्ज? तुझंच खातं हाय की." मी म्हणायचे, "बघू, आबा." वर्षभर मी 'बघू' म्हणत राहिले. पुढं पुढं घरी जायचीच टाळाटाळ करू लागले, आणि आबांनीही विचारणं सोडलं. त्यांचं ते न विचारणं मला जास्त लागायचं.

शेवटी साताऱ्याला उतरून मी सरांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही चला, तुमचं ते ऐकतील. सरांनी काकूंकडून डबा घेतला आणि आम्ही एसटीनं निघालो. कराड आलं. मग सर एवढंच म्हणाले, "यंत्र बघाय येतोय मी. बाकीचं माझ्याकडं न्हाई."

मला वाटलं, म्हातारा उगाच तोऱ्यात बोलतोय, वेळेला सांगेल. शेडवर आबांनी यंत्र चालू करताच सर पांढऱ्या शर्टानिशी जाळीखाली आडवे झाले. आबा घाबरून म्हणाले, "आवं सायेब, कापडं खराब व्हतील." सर खालूनच दांडी वाकडी का केली, मोटरीचा वेग कसा कमी केला, असं एकेक विचारत राहिले. बाहेर आले तेव्हा केसांत काड्या होत्या आणि चेहरा त्या रिक्षाच्या दिवशी असावा तसा. "झकास डोकं चालवलंय," ते म्हणाले. "लय बघितली यंत्रं मी. ही दांडी कुणाला सुचली नव्हती." आबांचा चेहरा उजळला. मला त्याच क्षणी सरांचा राग आला, कारण पुढचं वाक्य आता आणखी अवघड झालं होतं. सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि आबांना म्हणाले, "बाकीचं तुमची पोरगी सांगंल. त्या खुर्चीवर आता ती बसती."

मी सरांकडे बघितलं. ते जाळीकडे बघत होते.

"आबा," मी म्हटलं, "याचं पेटंट मिळणार नाही." आणि मग थांबलेच नाही. सत्काराच्या दिवशी दाखवलेलं, तो व्हिडिओ, कायदा, अर्ज लिहायची मला असलेली मनाई, सगळं एका दमात सांगून टाकलं. आबांनी मोटर बंद केली.

"म्हंजी, तुझ्या सत्कारात गेलं."

"हो."

"यंत्रात खोट न्हाई?"

"अजिबात नाही, आबा."

ते द्राक्षाच्या क्रेटवर बसले. फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं. "मला वाटत हुतं," ते म्हणाले, "पोरगी सायेब झाली. बापानं भंगारातनं केलेलं बघून लाजतीया, म्हणून बघू बघू करती. वरीसभर मला ह्योच घोर हुता. कुणाला बोललो न्हाई, तुझ्या आयलाबी न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पेटंट गेलं तर गेलं. चांगल्या कामात गेलं. तालुक्यात तिघांनी व्हिडिओ बघून केल्यात असली यंत्रं, चालत्यात म्हणं."

मी तिथंच त्यांच्या शेजारी बसून रडले. इतकं हलकं मला निवडीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. सर डबा सोडत म्हणाले, "आवं, चहा टाका कुणीतरी. भाकरी कोरडी पडली." त्या दिवशी ते आणि आबा अंधार पडेपर्यंत त्या दांडीवर बोलत बसले, आणि पुढं दर हंगामात आबांचा त्यांना फोन असायचा. मला मात्र रविवारी सरांना फोन करायची गरज हळूहळू कमी होत गेली. सरांना ते आवडत असावं, कारण त्यांनी कधी तक्रार केली नाही.

मागच्या थंडीत सर झोपेतच गेले. दहाव्याला मी माहुलीच्या घाटावर गेले, तर आबा माझ्या आधी येऊन बसलेले. पहाटेच्या गाडीनं निघाले होते, मला न कळवता. सरांच्या भावकीतल्या एकानं त्यांना विचारलं, "तुमी कुठलं पाव्हणं?"

"तासगावचं," आबा म्हणाले. "माझी पोरगी मला तोंडावर न्हाई म्हणाली, तवा हे तिच्या बाजूला हुबं हुतं. त्या दिसापासनं ती घरला याय लागली."