ट्रायलची पट्टी

या सदरातले अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचते, आणि खरं सांगते, बहुतेक वेळा हसते. राग मानू नका. कुणाच्या मागं पैंजण वाजले, कुणाला विहिरीपाशी बाई दिसली... मी मनात म्हणायची, आधी बीपी चेक करून घे गं बाई! माझं कामच तसं आहे. छत्रपती संभाजीनगरात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी बारा वर्षं ईसीजी काढते. माणूस गेला हे नक्की करायला शेवटची पट्टी काढतात ना, तीसुद्धा मीच काढते. गार पडलेल्या हाताला चिमटे लावायचे, सरळ रेघ काढायची, कागदाला पिन मारायची आणि हात धुवून जेवायला जायचं. भिणाऱ्यातली मी नव्हतेच.

आता हे लिहितेय तर दुपारचे अडीच वाजलेत, घरात सगळी माणसं आहेत, आणि तरी मी पाठ भिंतीला लावून बसलेय. हसायचं तर हसा.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचं हॉस्पिटल खेड्यापाड्यांत हृदयतपासणीची फुकट शिबिरं घेतं. बीपी, शुगर, ईसीजी, आणि काही निघालं तर पुढं शहरात. त्या दिवशी पाचोडला होतं, मुद्दाम बाजाराच्या दिवशी, म्हणजे चार माणसं जास्त येतात. शाळेची एक खोली मिळाली होती. आम्ही चौघं — डॉक्टर मॅडम, एक सिस्टर, मी आणि ड्रायव्हर युनूसभाई.

युनूसभाईंबद्दल आधी सांगायला पाहिजे. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पडेगावला माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. दोन पोरी लग्नाच्या. तोंड सतत चालू. आणि आमची एक पद्धत होती... शिबिराला गेलं की मशीन लावायचं आणि पहिली पट्टी युनूसभाईंची काढायची. पेशंट म्हणून नाही हो! मशीन नीट चालतंय का, एखादी वायर सैल तर नाही, एवढंच बघायला. त्याला आम्ही ‘ट्रायल’ म्हणायचो. रेघा उमटल्या की झालं, पट्टी फाडून कचऱ्याच्या खोक्यात. केसपेपर नाही, नंबर नाही, म्हणजे मॅडमच्या टेबलावर जायचा प्रश्नच नाही. ते पण शर्ट काढता काढता म्हणायचे, “देखो ताई, मेरा दिल तो सँपल का माल है. बारा गावचे लोक बघून जातात, घेत कुणीच नाही.”

पाच वर्षांत त्यांच्या छातीच्या दीड-दोनशे पट्ट्या मी काढल्या असतील. एकही वाचली नाही. ट्रायलची पट्टी कोण वाचतं?

तर त्या दिवशी. सव्वाआठला युनूसभाईंनी आम्हाला शाळेपाशी उतरवलं, सामान आत ठेवलं आणि व्हॅन लावायला गेले. मी टेबलावर चादर टाकली, मशीन जोडलं. मॅडम आणि सिस्टर बाहेर व्हरांड्यात नावनोंदणीचं बघत होत्या. खोलीच्या उंबऱ्यावर एक म्हातारी आधीच येऊन बसली होती, पहिला नंबर तिचा. गयाबाई तिचं नाव. शेळ्या राखणारी, हातात काठी, नजर एकदम तीक्ष्ण.

मी मागं वळले तर युनूसभाई टेबलावर झोपलेले. शर्टाची बटणं उघडी. निळ्या चौकड्यांचा तोच शर्ट, सकाळी व्हॅनमध्ये घातलेला. मी म्हटलं, “आलात पण? ठेवा बरं हात बाजूला.” काही बोलले नाहीत. नजर वर पत्र्याकडं. मी जेल लावलं, मनगटांना आणि पायांना चिमटे लावले, छातीवर रबरी फुग्यांच्या सहा वाट्या बसवल्या. अंग गार होतं... पण थंडीचे दिवस, सकाळची वेळ, कोण लक्ष देतं? उलट मीच चेष्टा केली, “काय ओ युनूसभाई, आज बोलायचा उपवास धरलाय का?” तरी गप्प. मशीननं पट्टी सोडली, रेघा आल्या, मी वायरी काढल्या, पट्टी फाडून खोक्यात टाकली. वळले तर माणूस गेलेला. म्हटलं गेले असतील चहाला. आज स्वारीचं काहीतरी बिनसलंय!

मग गयाबाईला बोलावलं. ती आत आली ती कुरकुरतच.

“अवं बाई, पैला नंबर माझा हाय ना? तासभर हितं बसलेय मी. अन् तुमी मोकळ्या टेबलाला वायरी लावीत बसलाव.”

“मोकळ्या कशाला? आमचे ड्रायव्हर होते ना आजी.”

“कोन डायवर? कुनीबी नव्हतं. एकट्याच बोलत व्हतात तुमी, वर हसत व्हतात. मला वाटलं मोबाईलवर बोलताय.”

मी म्हटलं, म्हातारीला दिसत नसेल. मोतीबिंदू असेल. तेवढ्यात ती माझ्याकडं बघून म्हणाली, “तुमच्या टिकलीचा खडा पडलाय बघा.” मी कपाळाला हात लावला... खडा खरंच पडला होता.

तरी मी काम करत राहिले. सात-आठ पेशंट झाले. पावणेदहाच्या सुमाराला दारातून आवाज आला, “ताई, माफ करना! बाजारात अडकलो. पुढं शेळ्यांचे टेम्पो, मागं बैलगाड्या, एक घंटा जागचा हललो नाही. ट्रायल राहिली असेल ना? घेता का आता?”

माझ्या हातातली वाटी खाली पडली. मी विचारलं, “तुम्ही मघाशी आला नव्हता?”

“मघाशी कब? अभी तो आ रहा हूं. गाडीची चावी बघा, अजून हातातच आहे.”

मी खोक्याकडं धावले. सगळ्यात तळाशी ती पट्टी होती. चुरगळलेली. मी ती टेबलावर सपाट केली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा ट्रायलची पट्टी वाचली. वाचायला काही लागतच नव्हतं. छातीच्या वाट्यांच्या रेघा वर चढलेल्या आणि वरच राहिलेल्या. हार्ट अटॅक... तोही मोठा, चालू असलेला. कोपऱ्यात मशीननं छापलेली वेळ, आठ वाजून पन्नास मिनिटं. रिकाम्या टेबलावर वायरी टाकल्या तर नुसती थरथर उमटते, असे ठोके कुठून येणार?

मी हाक मारली तशा मॅडम धावत आल्या. पट्टी बघून त्यांचा चेहराच उतरला. “कुणाची आहे ही? पेशंट कुठाय?”

मी युनूसभाईंकडं बोट दाखवलं. ते हसायला लागले. “मेरेकू क्या हुआ? सकाळी दोन प्लेट पोहे खाल्लेत मी!”

“झोपा,” मी ओरडलेच. “शर्ट काढा आणि झोपा!”

त्यांनी शर्ट काढला. आणि बघा, इथपर्यंत मला वाटत होतं की काहीतरी घोटाळा असेल, सापडेल. पण त्यांच्या छातीवर सहा लाल गोल वळ होते. वाट्या ओढून बसल्यावर उठतात तसे, बरोबर त्याच सहा जागांवर. आणि जेल. ओलं जेल, चकाकणारं. युनूसभाईंनी खाली मान घालून बघितलं, बोटानं पुसलं, वास घेतला. त्या माणसाचं हसू तिथंच थांबलं. “ये क्या है ताई?” असं इतक्या हळू म्हणाले की मला रडू यायला लागलं.

मी परत पट्टी काढली. एकदम नॉर्मल.

मॅडम माझ्यावर भडकल्या, आणि त्यांच्या जागी मीपण भडकलेच असते. त्यांचं म्हणणं सरळ होतं — तू नोंद न करता गावातल्या कुणाची तरी पट्टी काढलीस, न बघता फेकलीस, आणि अटॅक आलेला माणूस आता बाजारात फिरतोय. त्यांनी बाजारात भोंग्यावरून सांगायला लावलं की सकाळी शाळेत छातीची पट्टी काढलेल्या माणसानं ताबडतोब परत यावं. मी दारात उभी राहून तो भोंगा ऐकत होते. कुणी येणार नाही हे मला माहीत होतं.

मी दोन्ही पट्ट्या मॅडमपुढं धरल्या. प्रत्येकाच्या रेघेत एखादी खोड असते, तशी युनूसभाईंच्या एका रेघेत बारीकशी खाच आहे. नॉर्मल पट्टीत होती. सकाळच्या पट्टीत, तिथंच, तशीच. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग एवढंच म्हणाल्या, “मला हे कळत नाही. पण रिस्क नको. गोळ्या देते, यांना आत्ता शहरात न्या. गाडी यांनी चालवायची नाही.”

व्हॅन मी काढली. मला गाडी युनूसभाईंनीच शिकवलेली. ते शेजारी बसले ते फुगूनच. “खाली-पिली मरीज बना दिया मेरेकू. दहा जणांना सांगत फिरतील लोक.” आणि मग सुरू — ताई, क्लच! ताई, आरसा बघा! ताई, ये हायवे है, पडेगावचं मैदान नाही! मी म्हटलं बोला, काय वाटेल ते बोला. मनात नुसती त्यांच्या पोरींची तोंडं येत होती. त्यांचा आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक आहे, एवढंच धरून मी गाडी हाकत होते.

आडूळ मागं पडलं. पुढं एक ट्रॅक्टर आडवा आला, मी घाईनं गीअर टाकला आणि खर्रकन आवाज झाला. मोठा आवाज... युनूसभाई काहीच बोलले नाहीत.

मी वळून बघितलं. नजर वर टपाकडं लावलेली. कपाळावर घाम. मी हात धरला तर गार. सकाळी टेबलावर होता तसाच गार. “युनूसभाई!” मी किंचाळले. ओठ हलले, पण शब्द नाही. त्यानंतरचा रस्ता मला नीट आठवत नाही. चित्तेपिंपळगाव कधी गेलं, झाल्टा फाट्यावर सिग्नल होता की नव्हता, काही नाही. हॉर्नवरचा हात मी काढलाच नाही. मॅडमनी फोन केलेला होता, माणसं स्ट्रेचर घेऊन गेटवर उभी होती.

मुख्य नस बंद झाली होती. अर्ध्या तासात उघडली. डॉक्टर म्हणाले, घरी असता तर संपलं होतं. युनूसभाई वाचले. आता गाडी चालवत नाहीत, पण आहेत, आणि तोंड पहिल्यासारखंच चालू आहे. हे मी रोज स्वतःला सांगते.

कॅज्युअल्टीत काढलेली त्यांची पट्टी आणि माझ्या खोक्यातली पट्टी, दोन्ही मॅडमनी दुसऱ्या दिवशी खिडकीच्या काचेवर एकमेकींवर ठेवल्या. एकाच माणसाच्या दोन मिनिटांच्या अंतरानं काढलेल्या पट्ट्यासुद्धा अशा जुळत नाहीत. या जुळल्या. ठोक्यावर ठोका, शेवटपर्यंत. फक्त वेळ वेगळी, जवळजवळ पावणेतीन तासांची. मॅडमनी त्या पाकिटात घातल्या आणि मला म्हणाल्या, हा विषय माझ्यासमोर परत काढू नकोस.

आयसीयूतून बाहेर आल्यावर युनूसभाईंनी मला विचारलं, “ताई, वो कौन था?” मी म्हटलं, तुम्हीच होता. ते म्हणाले, “मैं था तो मेरेकू मालूम क्यूं नहीं?”

गोष्ट इथंच थांबली असती तर मी याला देवाची कृपा म्हटलं असतं, आणि सुखानं झोपले असते. पण महिन्याभरानं मला एक जुनी गोष्ट आठवली आणि तेव्हापासून झोप गेली.

युनूसभाईंच्या आधी ट्रायलला खरातमामा असायचे. आमच्या वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, रोज सकाळी ईसीजी रूममध्ये येऊन झोपायचे. सहा वर्षांपूर्वी एका पहाटे ते झोपेतच गेले, हार्टनं. मी भेटायला गेले तेव्हा मामींजवळ बसून रडले होते. म्हटलं, मामी, परवा सकाळीच तर मी त्यांची ट्रायल घेतली हो, किती गप्प गप्प होते! मामी माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, “परवा? परवा तर हे गावाकडं होते, दोन दिवस रजा टाकून.” मला वाटलं, दुःखात आहे बिचारी, दिवसांचा गोंधळ होतोय.

मागच्या आठवड्यात मी ऑफिसमधून जुनं हजेरी रजिस्टर काढून बघितलं. मी ती ट्रायल घेतली त्या दिवशी मामांच्या नावापुढं रजा लिहिलेली आहे.

याचा अर्थ काय, मला माहीत नाही. मॅडमना माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी सांगेल असंही वाटत नाही. मला एवढंच माहीत आहे की मामा रजेवर असतानाच्या त्या सकाळी मी कुणाच्या तरी गार छातीला वाट्या लावल्या होत्या, रेघा आल्या म्हणून मशीन ठीक आहे असं म्हटलं होतं, आणि पट्टी न बघता फाडून टाकली होती.