पट्ट्या संपल्यावर

सई बारावीला आहे. जेवणाच्या टेबलावर ती फिजिक्सची आकृती काढत होती. दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामधून जाणारा एक इलेक्ट्रॉन. तो सरळ आत शिरला होता, पण वरच्या धन पट्टीच्या ओढीनं हळूहळू वर वाकत चालला होता.

"आणि पट्ट्या संपल्या की?" मी सहज विचारलं.

"मग ओढ संपली. सरळ जातो."

"म्हणजे पहिल्यासारखा?"

"नाही गं आई. बाहेर पडताना जिकडे वळलेला असेल, तिकडेच सरळ."

दोन महिन्यांनी ही हॉस्टेलला जाणार. मी म्हणजे कुलूप लावून ओढून बघणारी, जिन्यातून परत फिरून पुन्हा ओढणारी, गॅस बंद असला तरी बटणं चाचपणारी. माझी काळजी कुणाला दिसत नाही, पण या घरात ती सगळीकडे आहे आणि सगळीकडे सारखीच. लेक तिच्यातूनच चालत मोठी झाली. आता ती इथून निघेल, मी मागे राहीन. पण तोवर मी तिला किती वाकवलं असेल?

"येते गं," म्हणत ती क्लासला निघाली. चपला घातल्या, दार उघडलं आणि थबकली. चपला काढून स्वयंपाकघरात गेली आणि गॅसची बटणं एकेक चाचपून आली.

गॅस मी तिच्यादेखतच बंद केला होता.