क्लॅरीच्या वहीतला रविवार

ऑस्ट्रेलियातल्या बेनाला गावच्या आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात क्लॅरी वॉमर्सलीएवढा काटेकोर माणूस दुसरा नव्हता. वर्षातून नव्वदच दिवस गाडी रस्त्यावर काढायची आणि काढण्याआधी वहीत तारीख लिहायची, या अटीवर आम्हाला स्वस्तातली नंबरप्लेट मिळते. क्लॅरी सेक्रेटरी. त्याच्या सहीशिवाय परवाना नाही. स्वतःच्या बासष्ट सालच्या हिरव्या होल्डन गाडीत बसला की आधी चष्मा लावून तारीख लिहायचा, मगच किल्ली फिरवायचा.

ती गाडी आता नुसती हौस राहिली नव्हती. त्याची बायको नोरीन सगळं विसरत चालली होती. घरात ती त्यालाच विचारायची, "तुम्ही कोण हो?" पण रविवारी होल्डनमध्ये बसली की तळ्यावर जाऊन येईपर्यंत नवरा ओळखू यायचा. "क्लॅरी, हळू चालव की मेल्या!" एवढं ऐकायला बिचारा अख्खा आठवडा काढायचा.

तिचे गुडघे दुखतात म्हणून डेमियनने गाडीच्या दाराशी पायरी बसवून दिली. हा डेमियन क्लबातलाच, भिंतींना प्लास्टर करणारा. जुन्या पिकअपला भलंमोठं इंजिन बसवून तीच रोज कामावर न्यायचा. वही कोरी आणि पेन समोर ठेवलेलं. पोलीस दिसले की लिहायचं, हा त्याचा डोंबलाचा नियम!

परवान्याला पुन्हा सही हवी तेव्हा क्लॅरी त्याला म्हणाला, "रोज दिसते तुझी गाडी शाळेपाशी. वहीत ओळी किती भरल्यास?"

"कर की सही, म्हाताऱ्या! पायरी बसवताना मी नियम विचारले होते का?"

क्लॅरीने सही केली. मी शेजारीच सॉसेज भाजत होतो. सगळं ऐकलं आणि सॉसेज उलटवत राहिलो.

मार्चमध्ये पोलिसांनी डेमियनला अडवलं. मागे प्लास्टरची पोती, आणि आठ महिन्यांची वही कोरी. मग सगळ्यांच्याच वह्या मागवल्या. बाराजणांच्या खोट्या निघाल्या. त्यांत एक माझी. सांगायला लाज वाटते, पण माझीच. क्लबचा सहीचा अधिकार गेला आणि सगळ्यांचे परवाने रद्द झाले. सुक्याबरोबर ओलंही जळतं. क्लॅरीची वही चोख होती, पण विचारतो कोण?

साध्या नोंदणीसाठीच्या तपासणीत होल्डनचा गंजलेला तळ पास होईना. दुसरा क्लब म्हणाला, आधी वर्षभर सभासद राहा.

"वर्षाने तिला गाडी तरी आठवेल का रे?" क्लॅरीने मला विचारलं.

गेल्या रविवारी माफी मागायला गेलो. गॅरेजचं दार उघडं होतं. इंजिन बंद, आणि दोघं गाडीत बसलेली. नोरीनने ठेवणीतला कोट घातला होता. क्लॅरीच्या मांडीवर ती रद्द झालेली वही, आणि तिच्यात त्याच दिवसाची तारीख. मला पुढे जायचं धाडस होईना.

"क्लॅरी, आपण निघत का नाही?" नोरीनने विचारलं.

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"सिग्नल लाल आहे गं," तो म्हणाला.