पायाला विचारणारी द्वारकाबाई

द्वारकाबाई आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा माणसांशी बोललीच नाही. चपला दाराशी काढल्या, हातातल्या बांगड्या उतरवून पदराच्या टोकाला बांधल्या आणि सरळ सासूबाईंच्या पलंगापाशी जाऊन बसली. मी आपली मागे उभी राहून पडल्या कधी, ऑपरेशन कधी झालं, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं वर्गात धडा समजावून सांगावा तसं सांगत होते. तिनं मला हातानंच थांबवलं.

"थांबा मॅडम. आधी पायाला इचारू द्या."

आणि तिनं खरंच पायाला विचारलं. उजवा हात उलटा केला आणि हाताची मागची बाजू मांडीपासून घोट्यापर्यंत सावकाश फिरवत नेली. मध्ये मध्ये थांबायची, मान हलवायची, जणू समोरून उत्तर येतंय. मला हसू आलं. मी शाळेत शिकवते, मला असल्या नाटकांचं लवकर हसू येतं. ते तिनं पाहिलं असावं.

"तळवा राठ झाला माजा," ती म्हणाली. "तीस वर्सं बाळंतिनी अन् लकव्याचे मानसं चोळून राह्यले. तळव्याला ऊन कळत न्हाई, थंड कळत न्हाई. उलट्या हाताला समदं कळतं. लेकराचा ताप बघताना बी उलटाच हात लावावा."

सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या होत्या. डाव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. पण पाय उचलायचं नाव नाही. दोन महिन्यांवर त्यांच्या भावाच्या नातीचं लग्न होतं आणि त्यांचा एकच धोशा होता, मला खुर्चीत घालून माहेरी न्यायचं नाही, मी मांडवात चालत जाईन. समोरच्या शिंदेवहिनींच्या मुलीच्या बाळंतपणात द्वारकाबाई यायची. त्यांनीच तिचं नाव सुचवलं. राहायची ती जुन्या जालन्यात, मस्तगडाच्या पलीकडे. आमच्या नवीन जालन्यातल्या कॉलनीत रोज रिक्षात चौथी सीट म्हणून बसून यायची.

सासूबाई गावाकडच्या, जमीनजुमल्याच्या घरातल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आपला ठेवणीतला प्रश्न काढला. "कोनाची गं तू?"

"आमी जयभीमवाले, मावशी. चालंल का?"

सासूबाई छताकडे बघत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. द्वारकाबाई मात्र वाटीतल्या कोमट तेलात बोटं बुडवत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मी पायाला इचारलंय. त्याला चालून राह्यलंय."

पंधरा दिवसांत त्याच सासूबाई डब्यातला अर्धा लाडू उशीखाली झाकून ठेवायला लागल्या, तिच्यासाठी. रिक्षाला उशीर झाला तर मला दहा वेळा फाटकाशी पाठवायच्या. तिच्याशी त्या जे बोलायच्या ते माझ्याशी पंचवीस वर्षांत बोलल्या नव्हत्या. एकदा मी आत आले तेव्हा दोघी हसून हसून डोळे पुसत होत्या. काय झालं विचारलं तर सांगेनात. मला राग आला, हे कबूल करते. घर माझं, सासू माझी आणि बाहेरची मीच.

तिचे नेम कडक होते. तेल फक्त तिळाचं, त्यात चिमूटभर ओवा. मेडिकलच्या दुकानातून ह्यांनी कापराच्या उग्र वासाचं लाल तेल आणलं होतं. ते तिनं बाटली न उघडता परत दिलं. "ह्यानं कातडं पोळतं अन् दुखनं तितंच राहतं. साहेबांच्या गुडघ्याला लावा." घड्याळ बघून काम कधी केलं नाही. "पाय झोपला की उठायचं," म्हणायची. आणि खरंच, सासूबाईंच्या आधी त्यांचा पाय सैल पडलेला दिसायचा.

मी बाजूला मोबाइल घेऊन उभी असले की चिमटा काढायची. "मॅडम, जरा हात लावा की. सासू काय चावती व्हय?" मग मला शेजारी बसवून तळव्याला अंगठा कसा द्यायचा, पोटरीवर खालून वर कसं जायचं, ते दाखवायची. चार दिवस पाहून मला वाटायला लागलं, यात काय एवढं. शिक्षकाचा हा जुना रोग आहे. धडा एकदा वाचला की तो आपणच लिहिल्यासारखा वाटतो.

दीड महिन्यात सासूबाई वॉकर धरून दारापर्यंत यायला लागल्या. मग त्यांना बारीक ताप आला, आठवडाभर त्या पलंगावरून उठल्या नाहीत. लग्न पाच दिवसांवर आलं होतं. तो रविवार होता. आदल्या दिवशी द्वारकाबाईनं दोन दिवसांची सुट्टी मागितली होती, तिची लेक अंबडला दिली होती, तिच्याकडे जायचं होतं. मी नाही म्हटलं होतं.

रविवारी सकाळी ती आली, बांगड्या काढल्या आणि उलटा हात डाव्या पोटरीवर ठेवला. तिथंच थांबली. उजव्या पोटरीवर ठेवला, पुन्हा डावीवर. मग उठली आणि पदराची गाठ सोडून बांगड्या हातात चढवल्या.

"आज हात न्हाई लावनार. पोटरी गरम हाये, फुगली बी हाये. हिला चोळायचं न्हाई. डॉक्टरला दाखवा, जल्दी."

"आज रविवार आहे. आमचे डॉक्टर नसतात."

"मंग मोठ्या दवाखान्यात न्या. पर चोळू नका मॅडम, शपथ हाये तुमाला."

लग्न तोंडावर, अहेराच्या साड्या आणायच्या, दहावीचे पेपर तपासायचे पडलेले, आणि ही मला शपथा घालतेय. मी ताडकन म्हणाले, "अंबडला जायचं असेल तर सरळ सांगा ना. पायाचं निमित्त कशाला?"

तिचा चेहरा एवढासा झाला. "अंबडला मी जात न्हाई आता," ती म्हणाली. "दवाखान्यात न्या." आणि गेली.

मी नेलं नाही, ह्यांनाही यातलं काही सांगितलं नाही. उद्या नेऊ म्हटलं. संध्याकाळी सासूबाई कण्हायला लागल्या. ठसठस होतेय, जरा चोळ गं, म्हणाल्या. हे बाजारात गेले होते. मी लाल तेलाची बाटली काढली आणि पदर खोचून बसले. खालून वर, अंगठा दाबून, जोर लावून. तिनं शिकवलं होतं तसं. किंवा मला तसं वाटत होतं. मनात राग होता, तोही हातात उतरला असेल. सासूबाईंना बरं वाटलं. मला म्हणाल्या, "तुजा बी हात चांगलाय गं." पंचवीस वर्षांत त्यांनी माझं कौतुक केलं ते तेवढंच.

सोमवारी सकाळी त्या वॉकर धरून उठल्या, तीन पावलं चालल्या, छातीवर हात ठेवला आणि खाली बसल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी पाय पाहिला. म्हणाले, पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली असावी, ती सुटून छातीत गेली असेल. मग विचारलं, "पायाला मालिश केली होती का कोणी?"

हे म्हणाले, "मालिशवाली येते रोज."

मी तिथंच उभी होते, ह्यांच्यापासून हातभर अंतरावर. माझ्या बोटांना कापराचा वास येत होता. मी मूग गिळून गप्प बसले.

दुपारपर्यंत कॉलनीभर झालं, मालिशवालीनं नस दाबली आणि म्हातारी गेली. अंगणात आडोसा करून बायका सासूबाईंना आंघोळ घालत होत्या तेव्हा द्वारकाबाई आली. कुणाला काही न विचारता पायाशी बसली आणि डावा पाय दोन्ही हातांत घेतला. थोडी वाकली. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. शिंदेवहिनी ओरडल्या, "आता कशाला आलीस? तुझ्याच हातानं गेली की ती!" द्वारकाबाईनं पाय हळूच खाली ठेवला, त्यावर डोकं टेकवलं आणि उठून गेली. एक अक्षर बोलली नाही. मीही बोलले नाही.

शिंदेवहिनींनी नातवाच्या मालिशीला दुसरी बाई लावली. वरच्या गल्लीतल्या दोन घरांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. मालिशवालीचा हात वाईट आहे असं एकदा झालं की संपलंच, बाळंतीण कोण सोपवणार तिच्या हाती? दोन-तीन महिन्यांत ती जालना सोडून अंबडला लेकीकडे गेल्याचं मला भाजीवालीकडून कळलं. मी शाळेत जात होते, येत होते. मुलांना खरं बोलावं, हा धडा त्याही वर्षी शिकवला.

पावसाळा सरल्यावर एकदा एसटीत बसले आणि अंबडला गेले. लेकीचं घर शोधायला फार वेळ लागला नाही. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली द्वारकाबाई शेंगा फोडत बसलेली. वाळली होती. मला बघून म्हणाली, "या मॅडम. मान आकडली की काय तुमची? वाकडी धरून राह्यल्या."

मी बसलेही नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. लाल तेल, संध्याकाळ, डॉक्टरांचा प्रश्न. तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"मला त्याच दिशी कळलं व्हतं," ती म्हणाली. "पायाला त्या लाल तेलाचा वास व्हता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? साहेब रडून राह्यले व्हते, गावाकडचे समदे आल्ते. तुमच्या तोंडाकडं पाह्यलं. म्हनलं, आज नाव घेतलं तर ह्या बाईचं काय खरं न्हाई. मला वाटलं, चार दिसांनी तुमी आपसूक सांगताल. मंग चार दिस गेले. मंग चार म्हैने गेले."

मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. तिनं हात पुसले, बांगड्या काढून पदराला बांधल्या, माझ्या मागे येऊन बसली आणि मानेला उलटा हात लावला. मग किती तरी वेळ माझी मान आणि खांदे चोळत राहिली. जिचं मी सगळं घालवलं, तिच्या हातांनी मला बरं वाटत होतं. याहून मोठी लाज मला ठाऊक नाही.

"मी सगळ्यांना सांगेन," मी म्हणाले. "शिंदेवहिनींना, सगळ्या कॉलनीला."

"बराबर. सांगा. पर मी जित्ती हाये तवर सांगा मॅडम. मेल्यावर चांगलं म्हनायला कुनाचं काय जातंय? मला माजी घरं पायजे. लेकीच्या दारात बसून खायची सवय न्हाई मला."

मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "झालं ते झालं. आता बाहेर कशाला बोभाटा? आई तर परत येणार नाही." खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं. ह्यांचा शब्द मोडायचा नाही, ही सबब मला आयती मिळाली. एरवी मी त्यांचे किती शब्द पाळते ते त्यांना विचारा. पुढे दिवाळी आली, मग सहामाहीचे निकाल, मग शाळेची सहल. रोज सकाळी फाटक उघडताना शिंदेवहिनींचं दार समोर दिसायचं, दहा पावलांवर. उद्या जाऊ, असं मी रोज म्हणायचे.

माघात अंबडहून लेकीचा फोन आला. आई गेली. तीन दिवसांचा ताप, बाकी काही नाही.

मी गेले तेव्हा सगळं आटोपून भंतेही निघून गेले होते. लेक मला ओळखत होती, पण त्या दिवशी आमच्यात काय बोलणं झालं ते तिला माहीत नव्हतं. द्वारकाबाईनं तिलाही सांगितलं नव्हतं. तिनं मला पाणी दिलं आणि सहज म्हणाली, "आई रोज इचारायची मला, जालन्याहून कुनाचा फोन आल्ता का. तुमच्या समोरच्या बाईच्या धाकल्या पोरीला लेकरू व्हनार व्हतं म्हनं. आई म्हनायची, आता बलावतील मला. पिशवी भरून ठिवली व्हती तिनं."

परतीच्या बसमध्ये मला काही दिसत नव्हतं. जालन्याला उतरले ती घरी गेलेच नाही. थेट शिंदेवहिनींचं दार वाजवलं. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. वहिनी ओल्या हातांनी बाहेर आल्या. मी दारातच सांगितलं, "वहिनी, माझ्या सासूबाईंचा पाय द्वारकाबाईनं चोळला नव्हता. तिनं मला नको म्हणून शपथ घातली होती. मी चोळला. तिचा काही दोष नव्हता. ती गेली."

वहिनी पदराला हात पुसत माझ्याकडे बघत राहिल्या. कपाळाला आठी घालून त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या.

"कोण द्वारकाबाई?" त्या म्हणाल्या. मग, "हां हां, ती मालिशवाली होय! अगंबाई, गेली का? जाऊ द्या हो, किती दिवस झाले त्या गोष्टीला. आत या ना, उन्हाच्या आलात. चहा टाकते."