पाटीवरची गॅरंटी

शेवटचं काम आम्ही दोघांनी एकाच गोणपाटावर बसून केलं. ती सुपात सुका जवळा निवडत होती, मी एका जुन्या पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडत होतो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, समोर गोदामांकडं निघालेले कंटेनर एकामागे एक अडकून पडलेले. तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाली, "मिस्त्री, तुमचा काळा भुगा माझ्या जवळ्यात पडला ना, तर आज इंजिनाची चटणी खावी लागंल."

मी म्हटलं, "पचेल. तुझ्या हातचं आजवर सगळं पचवलंय."

"पचलं म्हनून तर तोंड एवढं चालतंय," ती म्हणाली, सूप उचललं आणि जवळा डब्यात भरायला आत गेली. डबा पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली. ती ओट्यापाशी खाली बसलेली होती, पाठ भिंतीला, आणि जवळा सगळा पदरात. बसल्या जागी गेली.

डॉक्टर आला. "हार्ट बंद पडलं, काका," म्हणाला. मी विचारलं, "आधी काही आवाज नाही झाला?" तो म्हणाला, "कधी कधी होत नाही." सगळा जन्म मी इंजिनं उघडली. आवाज न करता गेलेलं एक पाहिलं नाही. आणि ही बाई तर लग्न होऊन आली त्या दिवसापासून आवाज करत होती.

तिचं नाव यमुना. माहेर खारबावचं. मी चौथी शिकलो, ती दुसरी, पण भांडणात ती माझ्याहून दहा इयत्ता पुढं. दापोड्याच्या रस्त्यावर आमचं गॅरेज, मागं राहायची खोली. मधल्या दारात बसून ती दुकान चालवायची, म्हणजे काम मी करायचो आणि गिऱ्हाइकाची झाडाझडती ती घ्यायची. कुणी बंद गाडी ढकलत आणली की पहिला सवाल तिचा, "काय रं, काय खायला घातलंस तिला?" पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणारे मग खाली बघायचे. मला ती नावानं कधी बोलली नाही. खूश असली तर "ओ", नसली तर "मिस्त्री". मिस्त्रीच जास्त.

आमच्या गावात आधी भात पिकायचं, आता गोदामं पिकतात. ज्यांच्या बैलाला धड वेसण नव्हती त्यांच्या दारात आज दोन-दोन गाड्या. यमुनाला त्याचा राग नव्हता. तिला गंमत वाटायची. जनू शेठनं दोन मजली बंगल्याला लिफ्ट बसवली, तेव्हा ती वास्तूला जेवून आली आणि मला म्हणाली, "शेठानीच्या गुडघ्यापायी बसवली, ती भीतीनं लिफ्टीत पाय ठेवत न्हाय. कोंबड्या मातर बसतात. वर जातात, खाली येतात, अंडी मधल्या मजल्यावर." आणि शेठाणी भेटली की तिलाच विचारायची, "कोंबड्यांचा गुडघा बरा हाय ना आता?" शेठाणी हसून बेजार. यमुना टोचायची ती तोंडावर. मागून तिनं कुणाला टोचलं नाही.

ह्या जनू शेठचा पोरगा प्रतीक. त्यानं कुठून तरी समुद्राच्या वाळूत फिरवायची चार चाकांची फटफटी आणली. जुनी, टू-स्ट्रोक, बसायला घोड्यासारखी, आवाजाला करवतीसारखी. यमुनानं तिचं नाव ठेवलं म्हैस. म्हणाली, "गोठ्यातल्या खऱ्या इकल्या, आता ही आनली. दूध न्हाय, शेन न्हाय, नुसतीच शिंगं." त्या गाडीला रेस द्यायला मूठ नसते, अंगठ्यानं दाबायचं खटकं असतं. ते पाहून यमुना म्हणाली, "बरोबर हाय. आज्यानं अंगठा देऊन जमीन इकली, नातू अंगठ्यानंच उडवतोय."

कंपनीची ताकद प्रतीकला पुरेना. मुंबईच्या कुणा कारागिराकडून त्यानं हेड घासून घेतलं, पोर्ट मोठे केले, मोठा कार्बोरेटर लावला, सायलेन्सरच्या जागी फुगीर नळा बसवला. सगळं बदललं, पिस्टन मात्र कंपनीचाच, साधा. तो दिवाळीनंतर पहिल्यांदा पकडला, म्हणजे तापून फुगला आणि सिलिंडरात अडकून बसला. म्हैस टेम्पोतून माझ्या दारात आली. मी सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसवला, तोही कंपनीचाच, कारण भारीवाला मागवायला प्रतीकला दम नव्हता. त्याला हळदी होत्या समोर. आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठी, आणि त्याला प्रत्येक नवऱ्याला मांडवात म्हशीवरून आणायचं होतं.

गाडी चालू झाली. प्रतीकनं विचारलं, "काका, आता हा कंपनीचा पिस्टन किती टिकेल?"

खरं उत्तर मला येत होतं. कंपनीच्या इंजिनात कंपनीचा पिस्टन वर्षानुवर्षं टिकतो. घासलेल्या हेडाखाली तो किती टिकतो हे पिस्टनच्या हातात नसतं. तेल किती, धूळ किती, इंजिन गरम व्हायच्या आधी किती पिळलं, आणि चालवणाऱ्याचा अंगठा कधी उठतो का, ह्यावर असतं. आमच्या रस्त्याला धूळ गोदामाच्या पोत्यांसारखी, आणि प्रतीकचा अंगठा उठत नव्हता. पण पोरगं "काका काका" करत होतं, दोन-चार माणसं जमली होती. आणि माझ्या डोक्यावर माझी पाटी होती. जवानीत मीच लाल रंगानं लिहिलेली: "टू-स्ट्रोकची सर्व कामे गॅरंटीने केली जातील."

मी म्हटलं, "गावदेवीच्या जत्रेपर्यंत हूं की चूं करणार नाही. गॅरंटी."

मधल्या दारातून आवाज आला, "जत्रा? कोनच्या साली?"

सगळे हसले. मी तापलो. "तुला काय कळतं गं पिस्टनमधलं?"

"पिस्टनमधलं न्हाय कळत. तुमच्यातलं कळतं. सकाळी काढलेली कवळी कुठं ठेवली ते ज्याला दुपारी आठवत न्हाय, तो जत्रेची गॅरंटी देतोय. लावा पैज."

"लाव."

"जत्रेच्या आत पिस्टन गेला, तर ती पाटीवरची गॅरंटी पुसायची. तुमच्या हातानं, दिवसाढवळ्या, समद्या गावासमोर."

"आणि टिकला तर?"

तिनं विचार केला. "तर तुमाला मिस्त्री म्हननार न्हाय. चारचौघांत इंजिनियर म्हनीन. मरेपर्यंत."

आता हसू नका, पण मला तो शब्द तिच्या तोंडून हवा होता. आयुष्यभर लोकांनी मिस्त्री म्हटलं त्याचं काही नाही. तिच्या तोंडून हवा होता.

म्हणून मी लबाडी केली. प्रतीकला गुपचूप सांगितलं, पेट्रोलमध्ये तेल अंमळ जास्तच घाल, पिस्टन खूश राहील. पोरगं एका जागी भक्तीनं वागलं ते तेलाच्या बाबतीत. शेजारच्या आळीत हळद होती. नवरदेव पिवळाधमक, म्हशीवर मागं बसलेला, पुढं प्रतीक. मांडवाच्या तोंडाशी त्यानं खटकं दाबलं आणि असा निळा धूर सुटला की नवरदेव दिसेना, डीजेवाला खोकत बाहेर पळाला. पाव्हण्यांतली एक म्हातारी नाकाला पदर लावून म्हणाली, "ग्रामपंचायतीची डासांची गाडी का?"

यमुनानं त्या धुरात उभं राहून दोनदा वास घेतला. घरी आल्यावर म्हणाली, "तेल पाजताय व्हय पिस्टनाला? ही गॅरंटी न्हाय मिस्त्री. हे सलाईन हाय."

पण पैज तिनं मोडली नाही. उलट रोज म्हैस रस्त्यानं गेली की हातातलं काम थांबवून ऐकायची आणि बोट दाखवायची, "ऐका, कन्हतेय." मी म्हणायचो, "गाणं म्हणतेय." हेच आमचं चहाबरोबरचं बोलणं. गावाबद्दलही ती हेच बोलायची. कुणी गोदामाच्या जोरावर गुरगुरला की म्हणायची, "इंजिन वाढवलं, आतला पिस्टन बापाच्याच वेळचा हाय. तापू दे जरा, आपोआप पकडंल." पण तोच माणूस तापानं पडला की पेजेचा डबा घेऊन पहिली हीच दारात.

ती गेली तेव्हा जत्रा अजून पुढं होती. त्याच संध्याकाळी तिला उचलली. रस्त्यावर नेहमीसारखे कंटेनर. बंगलेवाले सगळे आले होते, शेठाणी पायात चप्पल न घालता आली होती. तिरडी पुढं सरकेना. तेव्हा प्रतीक म्हैस घेऊन आला, ट्रेलरांच्या मधून घुसला, एकेका ड्रायव्हरला "भाई, मय्यत है, बाजू ले ले," ओरडत वाट मोकळी करत पुढं चालला. त्या दिवशी त्यानं अंगठा आवरला होता. गाडी संथ चालत होती.

आणि संथ चालत होती म्हणूनच मला ऐकू आलं. ताटलीत चमचा हलावा तसा बारीक आवाज. टक, टक, टक. पिस्टन सैल झाला होता. जत्रेपर्यंत जाईल, नाही जाणार, देव जाणे. मी खांद्यावरचा बांबू धरूनच मान वळवली आणि म्हटलं, "यमुना, ऐकलंस का?"

मागचा माणूस म्हणाला, "काय झालं काका?" मी म्हटलं, "काही नाही. खांदा बदला."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. सुतकात शटर उघडायचं नसतं, ते उघडलं नाही. बाहेरूनच शिडी लावली, थिनरची बाटली आणि चिंधी घेऊन वर चढलो. शेजारीपाजारी जमले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, उतरा काका, पडाल. प्रतीक म्हशीवरून आला आणि खालून ओरडला, "काका, काय करताय? पिस्टन चालू हाय अजून! पैज तुमीच जिंकताय!"

"चालू आहे ते कळतंय मला," मी म्हटलं. "तू तेल घाल आणि जा कामाला."

जुना रंग, लवकर सुटेना. चिंधी लाल झाली, हात लाल झाले. दिवसाढवळ्या, समद्या गावासमोर, माझ्या हातानं. शब्द निघाला तिथं खालचा पत्रा कोरा दिसायला लागला. मग खाली उतरलो, रस्ता ओलांडून पलीकडं गेलो आणि वाचून बघितलं. मध्ये मोठी फट पडली आहे, पण वाचता येतं: टू-स्ट्रोकची सर्व कामे केली जातील.

तेवढं खरं आहे.