आधी बेंबळी

"ह्यानं कुणाचं बिघडेल?"

नवीन काही तयार झालं की आपांचा पहिला प्रश्न हाच असायचा. ते करणाऱ्या पोराचा चेहरा पडायचा. तो बिचारा काय काय सुधारलं ते सांगायच्या तयारीनं आलेला असायचा.

"कुणाचंच नाही, आपा."

"म्हणजे तू कुणाला विचारलंच न्हाईस. जा, विचारून ये."

धाराशिवच्या आमच्या छोट्या कंपनीत गावोगावच्या दूध केंद्रांसाठी सॉफ्टवेअर तयार होतं. दूध मापलं, फॅट लागली, की कॉम्प्युटर हिशेब करून चिठ्ठी छापतो. त्यात काही बदललं की ते सगळ्या केंद्रांवर कधी आणि कसं पाठवायचं, हे आपा ठरवायच्या. ह्या कामाला रिलीज म्हणतात. मी कॉलेज सुटल्यावर तिथं शिकायला जायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. हे असलं काही काम असतं हेसुद्धा मला तिथं गेल्यावर कळलं, म्हणून मी त्यांच्याकडं फार बघत बसायचे.

मोठ्या कंपन्या हे काम रात्री करतात, असं मी वाचलं होतं. आपा भर दुपारी करायच्या. सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध येतं, दुपारी सगळं गाव आडवं झालेलं असतं. एकदा पाठवलं की त्या खुर्चीत बसायच्या नाहीत. केंद्रावरून "चालू झालं" असा फोन येईपर्यंत ओढणी खोचून उभ्या.

"आपा, बसा की."

"पेशंट आत असताना बसवतं का तुला?"

पण मला खरं नवल वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. कोणतंही नवं काम त्या आधी एकाच केंद्राला द्यायच्या, आणि ते केंद्र नेमकं सगळ्यात भांडखोर. दुर्दैवानं ते माझं गाव, बेंबळी. मला लाज वाटायची. एकदा धीर करून विचारलं.

"गोड बोलणारी माणसं चूक सांगत न्हाईत गं," त्या म्हणाल्या. "निभावून नेतात. तुझ्या गावची शिवी लई कामाची हाय."

मग ती चिठ्ठीची गोष्ट आली. मालकांनी ठरवलं की चिठ्ठी बंद करायची, कागद वाचवायचा, आणि दुधाचा हिशेब मोबाइलवर मेसेजनं पाठवायचा. "सोमवारी सगळीकडं चालू झालं पाहिजे," ते आपांना म्हणाले. "नाहीतर हे रिलीजचं काम मी पुण्याच्या लोकांना देतो."

"करू की," आपा म्हणाल्या. "आधी बेंबळी."

शनिवारी दुपारी त्यांनी ते फक्त बेंबळीला पाठवलं आणि संध्याकाळी मला स्कूटीवर मागं बसवून तिकडं निघाल्या. केंद्रावर रांग होती. दूध मापलं जात होतं, मेसेज जात होते. सगळं सुरळीत. मला बरं वाटलं, तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या मावशीची पाळी आली.

"चिठ्ठी?"

"आता मेसेज येतो, मावशी. तुमच्या खात्याला मुलाचा नंबर हाय. त्याला गेला," केंद्रावरचा माणूस म्हणाला.

"पोरगं पुण्याला हाय. दूध म्या घातलं, अन् सांगावा पुण्याला?"

रांगेतून एकजण ओरडला, "मावशी, पोरगं तिकडं चहात फॅट बघतंय!" सगळे हसले.

"तू गप. तुझ्या बायकूला इचार, तिनं काढलेल्या दुधाचा मेसेज कुणाच्या खिशात जातोय ते."

हसणं थांबलं. रांगेतल्या बाया खाली बघू लागल्या. त्यांच्यात माझी आईही होती. आमच्या खात्याला नंबर वडलांचा.

आपा पुढं झाल्या. "मावशी, चिठ्ठीचं काय करता तुम्ही?"

"घरात कुणी म्हनलं, म्हातारे, तू दिवसभर काय करतीस, की पुढं टाकती."

केंद्राच्या कॉम्प्युटरवर बसून आपांनी नवं काढलं, जुनं परत बसवलं. प्रिंटर करकरला. मावशीनं चिठ्ठी घेतली आणि वर म्हणाली, "आधी कशाला काढलं हुतं मग?"

बाहेर येऊन आपांनी मालकांना फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"मेसेज जाऊ द्या. पण चिठ्ठी निघणारच... नाही सर, सोमवारी दोन्ही जाईल... मग दुसऱ्याकडं द्या. पण त्याला आधी इथं उभा करा संध्याकाळी."

फोन ठेवून त्यांनी ओढणी पुन्हा खोचली.

सोमवारी दुपारी दोन्ही गेलं. मालकांनी तेवढं ऐकलं. पण उन्हाळ्यात रिलीजचं काम पुण्याला गेलंच. आपांना फक्त तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं, आणि थोड्याच दिवसांत त्या नोकरी सोडून परंड्याला, आपल्या माहेरी गेल्या. मी फोन केला तर आधी माझी परीक्षा विचारतात, मग हळूच आमची म्हैस आटली की दूध देते, ते.

मागच्या रविवारी मी गावी होते. केंद्रावर मावशीनं मला अडवलं. पुण्याहून काहीतरी नवं आलं होतं, कुणालाही न सांगता. चिठ्ठी निघत होती, पण आकडे मुंगीएवढे झाले होते.

"ती बाई कुठं हाय तुमची?"

"त्या आता नसतात, मावशी."

"मग भांडू कुणासंग?"

केंद्रावरच्या माणसानं भिंतीवर चिकटवलेला तक्रारीचा नंबर दाखवला. मावशीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, किटली पायरीवर ठेवली, आणि मलाच पहिल्यापासून सांगायला लागली.