जब्बारचाचांचं गुलाबी पान

धुळ्यात पाच कंदील चौकामागच्या एका गल्लीत जब्बारचाचा चाळीस वर्षं ओढण्या रंगवत होते. दुकान कसलं, रस्त्याला लागून एक खोली. दोन मोठी पातेली, शेगडी, रंगाच्या भुकटीचे डबे आणि वर आडवी बांधलेली दोरी. गिऱ्हाईक कापडाचा बोटभर तुकडा पुढे करायचं. चाचा तो एकदा उजेडात धरायचे आणि उकळत्या पाण्यात चिमटीनं रंग सोडायचे. तराजू नाही, चमचा नाही. तासाभरात ओढणी त्या तुकड्याला अशी मिळायची, की दोन्ही एकाच ठाणातून फाडलेत असं वाटावं.

पासष्टी ओलांडली आणि हे बिघडलं. कळलं ते सारिका पाटील नावाच्या शाळेतल्या बाईंमुळे. भावाच्या लग्नासाठी त्यांनी राणी रंगाची ओढणी रंगवायला दिली होती. न्यायला आल्या तेव्हा ती त्यांनी दाराबाहेर उन्हात धरून पाहिली. मग आत येऊन हळूच म्हणाल्या, "चाचा, ही जांभळी झाली हो."

चाचांनी तुकडा आणि ओढणी शेजारी शेजारी धरली. त्यांना दोन्ही सारखीच दिसत होती.

"डोळे दाखवून घ्या," बाई म्हणाल्या. "माझ्या वडिलांचं असंच झालं होतं." आणि ती जांभळी ओढणी पिशवीत घालून निघून गेल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं चाचांना कितीतरी दिवस वाटत राहिलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पण ऑपरेशनचं नाव काढलं की चाचा उठून जायचे. त्यांच्या थोरल्या भावाचा एक डोळा तरुणपणी ऑपरेशननंतर गेला होता, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. "धूसर तर धूसर, दिसतंय ना? तेही गेलं तर?" त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि घरात बसले. मुलगा शेहजाद नरडाण्याच्या कारखान्यात. सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरात दिवसभर चाचा आणि सून नाजमीन. ती स्वयंपाकघरात, ते खाटेवर.

नाजमीनचं माहेर नशिराबादचं. तिथे तिच्या आईनं ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यांत नाना तऱ्हेची झाडं लावलेली. एक दिवस ती साक्री रोडवरच्या नर्सरीतून एक कुंडी घेऊन आली आणि सासऱ्याच्या खाटेजवळ ठेवली.

"हा अग्लोनिमा, अब्बा. ऊन नको याला, घरात राहतो. तुम्ही सांभाळा, मला वेळ होत नाही."

वेळ होत नाही ही थाप होती, हे चाचांनाही कळलं. पण हाताला काही काम नव्हतंच. त्यांनी पानं चाचपली. जाड, गुळगुळीत, टोकाला निमुळती. रंग मात्र त्यांना चहा सांडल्यासारखा मळका दिसला. एवढी नर्सरीपर्यंत गेली आणि असलं मातकट झाड कशाला आणलं, असं मनात आलं.

उन्हाळा सुरू होता. पारा चव्वेचाळीसवर. आपल्याला तहान लागली की झाडालाही लागली असणार, या हिशेबानं चाचा दर नमाजानंतर तांब्याभर पाणी घालू लागले. शिवाय कूलरसमोर ठेवलं, बिचाऱ्याला गार वारा लागावा म्हणून. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करकरीत वाळल्या आणि खोड बुंध्याशी मऊ पडलं. बोट लावलं तर बोट आत गेलं.

चाचा घाबरले. नाजमीननं कुंडी पिशवीत घातली, चाचांना रिक्षात बसवलं आणि दोघं नर्सरीत गेले. नर्सरीवाला भाईदास शिरपूरकडचा, भरघोस मिशांचा माणूस. त्यानं झाड उपटून मुळं हुंगली.

"चाचा, हाई बठ्ठं पानीनं करेल शे," तो म्हणाला. सगळा घोळ पाण्याचाच होता. मग जरा नीट समजावून सांगू लागला. "माती बोटाच्या दोन पेरांइतकी कोरडी झाली, की मगच पाणी. कूलरचा वारा अंगावर नको. खिडकीजवळ उजेडात ठेवा, पण उन्हाची तिरीप नको. आणि हे वरचं खोड अजून कडक आहे. इथून कापू, पाण्यात ठेवा. मुळं फुटतील."

"आणि नाही फुटली तर?"

"मग माझ्याकडे या, दुसरं देतो. पण फुटतील. कापल्यावर हात धुवा बरं का, याचा चीक डोळ्याला लागू देऊ नका."

घरी काचेच्या ग्लासात ते तोडलेलं खोड उभं राहिलं. चाचा दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत आणि करंगळीनं खालून चाचपून पाहत. तीन आठवडे काहीच नाही. चौथ्या आठवड्यात करंगळीला काहीतरी टोचलं. तांदळाच्या दाण्याएवढं.

"नाजमीन! ए नाजमीन!" ती कणकेच्या हातानं धावत आली. ग्लास उचलून पाहिलं आणि हसली. "एक नाही अब्बा, तीन आहेत."

मुळं बोटभर झाल्यावर तिनं वाळू मिसळलेल्या मातीत रोप लावलं. चाचांनी आता नियम सोडला नाही. मातीत बोट घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. गल्लीची धूळ आठवड्यातून एकदा ओल्या मलमलीनं पुसायची, पानाखाली तळहात धरून. रोपानं जीव धरला.

आणि मग त्यांच्या हातून ते घडलं. एका सकाळी पानं पुसताना मधोमध एक गुंडाळलेलं पान उलगडताना दिसलं. बाकीच्यांहून वेगळं, पार तपकिरी. पुन्हा कुजलं, असं म्हणून त्यांनी कात्री आणली आणि ते पान देठापासून कापलं.

नाजमीन आली तेव्हा पान त्यांच्या मांडीवर होतं.

"कुजलं होतं," चाचा म्हणाले.

"नाही अब्बा." तिनं पान उचलून त्यांच्या हातात दिलं. "नवीन पान होतं ते. गुलाबी. म्हणजे नुसतं गुलाबी नाही, लाल पेरूच्या गराचा रंग असतो ना, तसा. मधली शीर राणी रंगाची. आणि कडेला पिस्त्याची बारीक रेघ."

चाचांनी पान बोटांत धरलं. थंड, ताठ, जिवंत होतं. बोटांना ते कळत होतं, आणि तरी डोळ्यांचं ऐकून आपण ते कापलं. ओढणी बिघडली तेव्हा डोळे फसवतात हे मन मानत नव्हतं. आता मानलं. पान हातात धरूनच ते म्हणाले, "शेहजादला सांग. रविवारनंतर दवाखान्यात जाऊ."

आधी डावा डोळा झाला. वीस मिनिटं सुद्धा लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा लावून ते घरी आले आणि सरळ खिडकीपाशी गेले. चष्मा वर केला.

झाडाला एव्हाना आणखी एक पान फुटलं होतं.

चाचांनी डावा डोळा मिटला. उजव्यानं तेच चहाचं डबकं. मग उजवा मिटून डावा उघडला. पेरूचा गर. राणी रंगाची शीर. पिस्त्याची रेघ. पुन्हा हा डोळा, पुन्हा तो. किती वेळा केलं कोण जाणे. दारात उभी असलेली नाजमीन म्हणाली, "अब्बा, डोळ्याला ताण पडेल."

"तू एक रंगही चुकीचा सांगितला नव्हतास," चाचा म्हणाले. "चाळीस वर्षं या धंद्यात आहे मी. पेरूच्या गराची खूण मलाही सुचली नसती. कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. दिसतं तसं सांगितलं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अल्लाह तुला खूश ठेवो, बेटा. खाटेवर पडून राहिलो असतो मी. तू झाड आणलंस, मी मारलं, तू पुन्हा उभं केलंस, आणि पान कापलं तरी तोंडातून वाकडा शब्द काढला नाहीस." नाजमीननं डोळ्यांच्या थेंबांची बाटली पुढे केली. "डोकं मागे करा. वेळ झाली."

दोन महिन्यांनी उजवा डोळाही झाला. दुकानाचं कुलूप निघालं, आणि यावेळी शेगडीपाशी दोघं बसू लागले. चिमटी कशी धरायची, मीठ कधी टाकायचं, ओलं कापड सुकल्यावर किती फिकं पडतं, हे सगळं चाचा सांगत आणि नाजमीन करी. तिची पहिली ओढणी डाळिंबी होती. गल्लीतल्या सुमनबाईंनी नेली आणि आठ दिवसांनी बहिणीचं कापड घेऊन आल्या.

एका शुक्रवारी चाचा एकटेच रिक्षा करून भाईदासकडे गेले. बरोबर त्याच्यासाठी मोरपंखी रंगवलेला गमछा होता. भाईदासनं तो लगेच खांद्यावर टाकला.

"काय देऊ चाचा आज?"

"काही नको. बघायला आलोय."

हिरव्या जाळीखाली रांगा लागल्या होत्या. लाल-पिवळे क्रोटन, मखमली कोलियस, पानांवर शाई शिंपडल्यासारखे कॅलॅडियम. चाचा एकेका कुंडीपुढे थांबत होते, नाव विचारत होते आणि हा रंग पाण्यात कसा उतरवायचा, ते मनाशी जुळवत होते. जेवायची वेळ होऊन गेली. नाजमीनचा फोन आला तेव्हा ते तिसऱ्या रांगेत होते.

"येतो गं," ते म्हणाले. "अजून दोन रांगा राहिल्यात."